आर्क्टिकच्या बर्फावर फायनल इयर प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या गाईडना खुलं पत्र

नमस्कार मित्रमैत्रिणींनो, आणि गाईड सर-मॅडम,

मी सॅटेलाइट डेटावर काम करतो आणि अधूनमधून इंजिनीअरिंग कॉलेजांत एक्सटर्नल म्हणून व्हायवा घ्यायला जातो. कॉम्प्युटर असो, आयटी असो, एआय-डेटा सायन्स असो, हल्ली एक टायटल हमखास दिसतं, "सॅटेलाइट डेटा वापरून आर्क्टिक समुद्री बर्फाचा अंदाज". इतक्या लांबच्या गोष्टीत तुम्हाला रस वाटतो याचं मला खरंच कौतुक आहे. पण ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, उघडलं की शेवटच्या चॅप्टरमध्ये जवळजवळ तेच पान असतं, निळी रेघ खऱ्या डेटाची, केशरी रेघ मॉडेलची, दोन्ही एकमेकींवर चिकटलेल्या, खाली आर स्क्वेअर (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळलं) ०.९९, आणि कन्क्लुजनमध्ये लिहिलेलं की आमचं एलएसटीएम (न्यूरल नेटवर्कचा एक प्रकार) मॉडेल बर्फाचा अचूक अंदाज देतं. मग मी विचारतो, उद्याचा बर्फ आजच्याइतकाच राहील असं नुसतं धरून चाललो असतो तर किती चूक आली असती? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मुलं हुशार असतात, कोड स्वतः लिहिलेला असतो, रात्री जागून केलेला असतो, पण हा प्रश्न वर्षभरात त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. याचं मला फार वाईट वाटतं म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, पण सिनॉप्सिस द्यायच्या आधी वाचाच.

आधी त्या ०.९९ चंच बघू. आर्क्टिकचा बर्फ मार्चच्या आसपास सगळ्यात जास्त पसरलेला असतो, साधारण दीड कोटी चौरस किलोमीटरच्या जवळपास, आणि सप्टेंबरच्या मध्यावर सगळ्यात कमी, हल्लीच्या वर्षांत ४० ते ५० लाखांच्या घरात. म्हणजे दरवर्षी कोटभर चौरस किलोमीटर बर्फ येतो आणि जातो, आणि हा चढउतार पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे ठरल्या वेळी होतो, त्याचा अंदाज द्यायला न्यूरल नेटवर्क लागत नाही. आता जुलै घ्या, वितळणं सगळ्यात जोरात असतं तेव्हा रोज सरासरी ८० ते ९० हजार चौरस किलोमीटर बर्फ कमी होतो आणि त्या वेळी एकूण पसारा असतो ८० लाखांच्या आसपास. भागाकार करा. एक टक्का. म्हणजे "उद्या = आज" ही एक ओळ लिहिली तरी वितळणं सगळ्यात जोरात असतानाही चूक एक टक्क्याच्या आसपास, ऑक्टोबरात बर्फ झपाट्याने गोठतो तेव्हा थोडी जास्त, हिवाळ्यात बरीच कमी, आणि वर्षाचा चढउतार एवढा मोठा असल्यामुळे आर स्क्वेअर आपोआप ०.९९ च्या वर. या ओळीला पर्सिस्टन्स म्हणतात. तुमच्या मॉडेलने तिला हरवलं का, किती फरकाने हरवलं, हे लिहिल्याशिवाय ०.९९ या आकड्यातून काहीच कळत नाही.

त्यात बरेच जण ट्रेन-टेस्ट स्प्लिट रँडम करतात. रोजचा डेटा असताना रँडम स्प्लिट केला की १४ जुलै आणि १६ जुलै ट्रेनिंगमध्ये आणि १५ जुलै टेस्टमध्ये जातो, मग मॉडेलला मधला आकडा सांगता आला तर त्यात नवल काय, पेपर आधीच फुटलेला आहे. वेळेनुसारच तोडा, २०१० पर्यंत ट्रेनिंग, मधली काही वर्षं व्हॅलिडेशन, पुढची टेस्ट. आणखी एक जागा आहे जिथे कोणाचं लक्ष जात नाही, डेटा स्मूद करण्यासाठी रोलिंग मीन घेताना सेंटर ट्रू ठेवलेलं असतं. म्हणजे आजच्या सरासरीत पुढच्या दोन-तीन दिवसांचा बर्फ मिसळला, आणि तीच सरासरी मॉडेलला इनपुट म्हणून दिली! ज्यांचा डेटा तुम्ही वापरता ते अमेरिकेचं बर्फाच्या नोंदी ठेवणारं केंद्र एनएसआयडीसी स्वतः पाच दिवसांची सरासरी घेतं पण ती मागच्या पाच दिवसांची असते, ती पद्धत घ्या. स्केलिंगचंही तेच, मिनिमम-मॅक्सिमम फक्त ट्रेनिंगच्या वर्षांतून काढा, नाहीतर २०१२ चा नीचांक मॉडेलला आधीच कळतो.

आता एनएसआयडीसीच्या त्या सीएसव्ही फाईलबद्दल, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ती फक्त पांडासमधून उघडलेली असते, डोळ्यांनी वाचलेली नसते. एकदा वाचा. पहिली नोंद २६ ऑक्टोबर १९७८ ची, दुसरी २८ ची, तिसरी ३० ची. एक दिवसाआड. कारण तेव्हाचं निंबस-७ सॅटेलाइटवरचं एसएमएमआर नावाचं यंत्र एक दिवसाआड चालवायचे, आणि हे १९८७ च्या उन्हाळ्यापर्यंत असंच आहे, त्यानंतर अमेरिकेच्या डीएमएसपी या लष्करी हवामान सॅटेलाइटवरचं एसएसएम/आय आलं आणि नोंदी रोजच्या झाल्या. म्हणजे "मागच्या ३० रो" घेणारी तुमची विंडो १९८५ मध्ये दोन महिने मागे बघते आणि १९९५ मध्ये एकच महिना, आणि मॉडेलला हे कोणी सांगितलेलं नाही. पुढे डिसेंबर १९८७ च्या सुरुवातीपासून जानेवारी १९८८ च्या मध्यापर्यंत नोंदीच नाहीत, यंत्र बंद होतं. मी असे रिपोर्ट बघितलेत ज्यात ही फट इंटरपोलेटने सरळ रेघ मारून भरली आहे आणि रिपोर्टमध्ये एक शब्द नाही. भरा, हरकत नाही, पण लिहा की भरली.

आणि पोल होलचं प्रकरण तर आणखी गंभीर आहे. हे सॅटेलाइट बरोबर ध्रुवावरून जात नाहीत, त्यामुळे ध्रुवाभोवती एक गोल तुकडा त्यांना दिसतच नाही. एसएमएमआरच्या वेळी हे भोक जवळजवळ १२ लाख चौरस किलोमीटरचं होतं, एसएसएम/आयच्या वेळी ३ लाखांच्या आसपास, नंतरच्या एसएसएमआयएसच्या वेळी जेमतेम ३० हजार. एक्स्टेंट, म्हणजे बर्फाचा एकूण पसारा, मोजताना भोकात बर्फ आहे असं धरतात म्हणून तो कॉलम ठीक राहतो. पण मंथली फाईलमध्ये शेजारी एरिया नावाचा कॉलम असतो त्यात भोक धरतच नाहीत, म्हणून १९८७ मध्ये यंत्र बदललं की एरिया एकदम वर उडी मारतो. बर्फ वाढलेला नसतो, भोक लहान झालेलं असतं. एरियावर मॉडेल ट्रेन करून "१९८७ मध्ये बर्फात लक्षणीय वाढ" असं लिहिलं तर तुम्ही एका सॅटेलाइटच्या कक्षेचा अंदाज देताय. एनएसआयडीसीने हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, पण डेटासेटच्या साईटवरून नुसती सीएसव्ही उतरवली की डॉक्युमेंटेशन तिकडेच राहतं.

एक्स्टेंट म्हणजे काय हेही व्हायवात नीट सांगता यायला हवं. समुद्राचे साधारण २५ किलोमीटरचे चौकोन पाडतात, ज्या चौकोनात १५ टक्के किंवा जास्त बर्फ आहे तो पूर्ण चौकोन मोजायचा. बर्फ आहे की पाणी हे सॅटेलाइटला कसं कळतं? फोटो काढून नाही, कारण तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही आणि उन्हाळ्यात ढग हटत नाहीत. समुद्र आणि बर्फ स्वतःहून जे मायक्रोवेव्ह बाहेर टाकतात ते मोजतात, १९ आणि ३७ गिगाहर्ट्झच्या आसपास. आणि गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे या मोजमापात पाणी थंड दिसतं आणि बर्फ गरम! १९ गिगाहर्ट्झच्या आडव्या पोलरायझेशनमध्ये उघड्या समुद्राचं ब्राइटनेस टेम्परेचर, म्हणजे यंत्राला दिसणारं तापमान, शंभर-सव्वाशे केल्विनच्या घरात येतं आणि त्याच वर्षी गोठलेल्या नव्या बर्फाचं दोनशेतीस-चाळीसच्या घरात, कारण पाणी या लहरी फार कमी बाहेर टाकतं आणि बर्फ भरपूर टाकतो. एवढा मोठा फरक आहे म्हणून १९७० च्या दशकातल्या जाड्याभरड्या यंत्रांनाही बर्फाची कड सापडली.

पण जून-जुलैत बर्फावर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात. यंत्राला ते पाणी म्हणजे समुद्रच वाटतं. खाली दोन मीटर बर्फ असला तरी आकडा कमी येतो. किनाऱ्यालाही घोळ असतो, एकाच चौकोनात जमीन आणि पाणी आलं की खोटा बर्फ दिसतो. म्हणून एकाच कच्च्या डेटावरून नासा टीम अल्गोरिदम वेगळा आकडा देतं, बूटस्ट्रॅप वेगळा, आणि ब्रेमेन युनिव्हर्सिटीचे लोक ८९ गिगाहर्ट्झ वापरून बारीक चौकोनांचे नकाशे काढतात त्याचा आणखी वेगळा. तुमच्या मॉडेलची चूक जर दोन अल्गोरिदममधल्या फरकापेक्षाही लहान असेल तर "आम्ही अचूकता वाढवली" म्हणण्यात अर्थ उरत नाही. कोणता अल्गोरिदम, कोणतं व्हर्जन, एवढं तरी लिहा.

व्हर्जनवरून आठवलं, २०२५ मध्ये काय झालं ते तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. जूनमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून कळवण्यात आलं की डीएमएसपीचा एसएसएमआयएस डेटा महिनाअखेरीस बंद, मग एक महिना मुदत वाढली, मग आणखी पुढे ढकललं. जगभरातले बर्फाचे रोजचे नकाशे ज्या डेटावर उभे त्याची अशी अवस्था! तोपर्यंत एनएसआयडीसीने धावपळ करून जपानची अंतराळ संस्था जॅक्साच्या एएमएसआर-२ यंत्राकडे वळायला सुरुवात केली, जे २०१२ पासून वर आहे, आणि त्याच्यापुढचं एएमएसआर-३ जपानने २०२५ च्या जूनअखेरीस सोडलं म्हणून थोडा जीव भांड्यात पडला. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की तुमच्या टाइम सिरीजच्या शेवटच्या टोकाला, जिथे तुमचा टेस्ट सेट आहे नेमकं तिथेच, यंत्र बदललेलं असू शकतं. तपासा.

आता खरा अवघड भाग. उद्याचं सोडा, मे महिन्यात बसून सप्टेंबरचा बर्फ सांगायचा. हा खरा प्रॉब्लेम आहे आणि यावर जगातली चांगली चांगली डोकी अडलेली आहेत. २००८ पासून सी आइस आउटलुक नावाचा उपक्रम चालतो, वेगवेगळ्या देशांतले गट उन्हाळ्यात आपापला सप्टेंबरचा अंदाज पाठवतात, कोणी सुपरकॉम्प्युटरवर मॉडेल चालवून, कोणी स्टॅटिस्टिक्सने. २०१२ मध्ये बर्फ त्या सगळ्यांच्या मधल्या अंदाजापेक्षा बराच खाली गेला, १७ सप्टेंबरला ३३.९ लाख चौरस किलोमीटर, आजपर्यंतचा नीचांक. पुढच्या वर्षी लोकांनी अंदाज खाली आणले, तर २०१३ मध्ये बर्फ ५० लाखांच्या वर! पहिल्या सहा वर्षांचे अंदाज तपासले तेव्हा दिसलं की वर्ष नेहमीच्या घसरणीच्या रेषेजवळ राहिलं तर अंदाज बरे येतात, रेषा सोडून वर्ष भरकटलं की चुकतात. म्हणजे नेमकी जेव्हा गरज असते तेव्हाच. यात कोणाचा आळस नव्हता. २०१२ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला आर्क्टिकवर एक प्रचंड वादळ आलं आणि आधीच पातळ झालेला बर्फ त्यात फुटला, असं वादळ मे महिन्यात कोणाला दिसणार?

आणि मार्चवरून सप्टेंबर ठरत नाही हे दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. २०१२ चा हिवाळी उच्चांक होता १.५२ कोटींच्या आसपास, चांगला भरलेला, आणि सप्टेंबरला नीचांकाचा विक्रम. २०२५ मध्ये २२ मार्चला उच्चांक १.४३३ कोटी, तोपर्यंतच्या सॅटेलाइट नोंदींतला सगळ्यात कमी, बातम्या झाल्या की या वर्षी विक्रम मोडणार, आणि सप्टेंबरला थांबला ४६ लाखांवर, खालून दहाव्या नंबरच्या आसपास. एक्स्टेंटचा इतिहास हे एकच इनपुट दिलेल्या मॉडेलला यात काय कळणार होतं? त्याच्याकडे माहितीच नाही. आणि तुम्ही कितीही लेयर टाका, सप्टेंबरचा अंदाज म्हटलं की १९७९ ते २०२५ मिळून सप्टेंबर ४७ च आहेत, साडेपंधरा हजारांच्या आसपास रो दाखवून सॅम्पल साइज मोठा वाटतो पण त्या रो एकमेकींना चिकटलेल्या आहेत.

तज्ज्ञ लोक याला वसंतातला अडथळा म्हणतात, साधारण मे-जूनच्या आधी दिलेल्या सप्टेंबरच्या अंदाजाला फारसं बळ नसतं आणि त्यानंतर एकदम सुधारतं, कारण तळी कधी साचली, बर्फ कधी काळवंडला, ऊन किती शोषलं गेलं, हे तोवर ठरलेलं असतं. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं होतं की वसंतातल्या या तळ्यांच्या प्रमाणावरून सप्टेंबरचा अंदाज बराच चांगला देता येतो. मला हे काम फार आवडतं. त्यांनी आधी बर्फ कशामुळे वितळतो याचा विचार केला आणि मग आकडेमोड, तुमच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच उलट होतं.

सप्टेंबरची चाहूल देणारी दुसरी गोष्ट म्हणजे बर्फाची जाडी. एका हिवाळ्यात गोठलेला बर्फ दीड-दोन मीटरचा, अनेक उन्हाळे टिकलेला त्याहून जाड, आणि एक्स्टेंटच्या नकाशात दोन्ही सारखेच पांढरे. जाडी मोजायला युरोपचा क्रायोसॅट-२ आहे २०१० पासून, नासाचा आइससॅट-२ आहे २०१८ पासून. हे पाण्यावर डोकावणारी बर्फाची उंची मोजतात, आणि ती असते जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे ती मोजताना दोन सेंटिमीटरची चूक झाली तर जाडीत वीसेक सेंटिमीटरची होते, वर किती हिम साचलाय ते नीट माहीत नसतं ते वेगळंच. कित्येक वर्षं त्या हिमाचा आकडा सोव्हिएत काळात तरंगत्या बर्फावर थाटलेल्या स्टेशनांच्या नोंदींवरून घेत होते! आणि तळ्यांमुळे उन्हाळ्यात क्रायोसॅटची जाडी मिळायचीच नाही, ती बारा महिन्यांची २०२२ मध्ये आली, त्यात डीप लर्निंग वापरलं, बर्फ आणि पाण्याचे रडार इको वेगळे करायला. एआय इथे अगदी योग्य जागी बसलं. आपला हातभारही आहे, इस्रो आणि फ्रान्सच्या सीएनईएसने २०१३ मध्ये सोडलेल्या सरल सॅटेलाइटवरचा अल्टिका अल्टिमीटर (उंची मोजणारं यंत्र) बर्फाच्या अभ्यासात वापरला गेलाय. फ्यूचर स्कोपमध्ये सगळे निसार, म्हणजे नासा-इस्रोचा रडार सॅटेलाइट, लिहितात, ठीक आहे, पण एक बघून ठेवा, निसार अंटार्क्टिका नीट दिसावं म्हणून एकाच बाजूला, डावीकडे बघतो, त्यामुळे उत्तरेकडे ७७-७८ अंशांच्या पलीकडचा भाग त्याला दिसत नाही. मध्य आर्क्टिकसाठी तो नाही.

मशीन लर्निंग वापरू नका असं मी म्हणत नाही, नीट केलेलं काम आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि अॅलन ट्युरिंग इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २०२१ मध्ये आइसनेट आणलं. प्रत्यक्ष नोंदी कमी पडतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून मॉडेल आधी क्लायमेट सिम्युलेशन्सवर ट्रेन केलं आणि मग सॅटेलाइट डेटावर. एक आकडा द्यायच्या ऐवजी प्रत्येक चौकोनाला शक्यता दिली, इथे उघडं पाणी असण्याची किती, विरळ बर्फाची किती, दाट बर्फाची किती. आणि तुलना कोणाशी? युरोपचं हवामान अंदाज केंद्र ईसीएमडब्ल्यूएफच्या सीझ-५ या मोठ्या फिजिक्स मॉडेलशी, शिवाय साध्या ट्रेंडशी. दोन महिने आणि त्यापुढच्या अंदाजात आइसनेट सरस ठरलं, एक महिन्याच्या अंदाजात सीझ-५ पुढे राहिलं, आणि हे त्यांनी पेपरमध्ये लिहिलं. आपलं मॉडेल कुठे मागे पडलं ते लिहायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

नकाशाचं म्हणतोय ते यासाठी की एकूण एक्स्टेंट बरोबर येऊनही अंदाज साफ चुकीचा असू शकतो. मॉडेलने सायबेरियाच्या बाजूला पाच लाख चौरस किलोमीटर बर्फ जास्त दाखवला आणि अलास्काच्या बाजूला पाच लाख कमी, बेरीज बरोबर, एकूण आकड्याची चूक (आरएमएसई) शून्य, आणि जहाज मात्र बर्फात. ही कल्पना नाही, नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाच्या उत्तर सागरी मार्गावर बर्फ नेहमीपेक्षा लवकर गोठला आणि वीसेक जहाजं अडकली, आइसब्रेकर पाठवावे लागले, हवामानाचा अंदाज चुकला म्हणून आरडाओरड झाली. उरलेल्या आर्क्टिकमध्ये किती बर्फ होता याचा त्या जहाजांवरच्या माणसांना काय उपयोग? म्हणून बर्फाच्या कडेची चूक मोजायचं वेगळं माप आहे, इंटिग्रेटेड आइस एज एरर, अंदाजात बर्फ आहे पण प्रत्यक्षात नाही आणि उलट, अशी दोन्ही क्षेत्रं मिळवून. पायथॉनमध्ये चार ओळींत होतं.

आणि किनाऱ्यावर माणसं राहतात. बेरिंग समुद्रातल्या सेंट लॉरेन्स बेटावर गॅम्बेल आणि सवूंगा ही गावं आहेत, तिथले लोक वसंतात बर्फाच्या कडेला वॉलरसच्या शिकारीला जातात, वर्षभराचं अन्न त्यावर. त्यांच्यासाठी २०१० पासून वसंतात दर आठवड्याला बर्फाचा आणि वाऱ्याचा आउटलुक निघतो, त्यात हवामान खात्याचे लोक सॅटेलाइट नकाशे बघतात आणि गावातले शिकारी स्वतः काय दिसतंय ते कळवतात. पाच-सात दिवसांनी बर्फ किनाऱ्यापासून किती लांब असेल एवढाच त्यांचा प्रश्न. अंदाज कोणाला द्यायचाय हे ठरलं की कुठला समुद्र, किती दिवस आधी, काय मोजायचं, हे आपोआप ठरतं. तुमच्या प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये ते माणूसच नसतं, ग्लोबल वॉर्मिंगवर एक पॅरा असतो आणि एका अस्वलाचा फोटो.

इंट्रोडक्शनमध्ये मान्सूनशी संबंध जोडायचा मोह होतो, तिथेही जपून. गोव्यात वास्कोला एनसीपीओआर आहे, आपली ध्रुवीय संशोधन संस्था, नॉर्वेच्या स्वालबार्डमधलं २००८ पासूनचं हिमाद्री स्टेशन तेच चालवतात. तिथल्या शास्त्रज्ञांचा २०२१ मधला एक पेपर आहे, रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी असणं आणि मध्य भारतात मान्सूनच्या शेवटी, सप्टेंबरात पडणारा अतोनात पाऊस यांच्यात संबंध असू शकतो असं मांडणारा. त्यांनी टायटलमध्येच शक्य असलेला संबंध असं म्हटलंय. तुम्ही मात्र लिहिता की आर्क्टिक वितळतंय म्हणून महाराष्ट्रात पूर येतात. एवढी मोठी उडी मारू नका. उलट कारा समुद्रच प्रोजेक्टला घ्या ना, एकच समुद्र, जून ते सप्टेंबर, पर्सिस्टन्स आणि ट्रेंड या दोन साध्या अंदाजांसमोर तुमचं मॉडेल. किंवा त्याच्या शेजारचा बॅरेंट्स समुद्र घ्या, तिथे अटलांटिकचं कोमट पाणी शिरतं आणि हिवाळ्यातला बर्फ त्या उष्णतेवरून काही महिने आधी सांगता येतो, समुद्राच्या तापमानाचा डेटा फुकट मिळतो. एक महिना आधीचं किती जमतं, तीन महिने आधीचं किती, सहा महिने आधीचं किती, असा एकच ग्राफ काढलात आणि तुमचं मॉडेल साध्या अंदाजाच्या बरोबरीला कुठल्या महिन्यात येऊन टेकतं ते दाखवलंत तरी मी खूश आहे. आधी सीझनल चक्र वजा करा म्हणजे अॅनोमली काढा, मग घसरणीची रेघ वजा करा, उरतं ते सांगून दाखवा. आर स्क्वेअर ०.९९ वरून ०.२ वर येईल. घाबरू नका, तो ०.२ तुमचा स्वतःचा असेल.

घसरणीच्या रेघेबद्दलही सांगतो, ती सरळ पुढे ओढू नका. २००७ ते २०२५ ही एकोणीस वर्षं सॅटेलाइट नोंदींतली सगळ्यात कमी सप्टेंबर बर्फाची एकोणीस वर्षं आहेत, पण या वर्षांच्या आतल्या आत घसरण फारशी दिसत नाही. २०१२ पर्यंत ट्रेन करून रेघ ओढणारे आज खूप खाली पोचले असते. आणि यावरून बर्फ सावरला असंही कोणी लिहू नये, जुना जाड बर्फ गेलाय तो परत आलेला नाही.

आता गाईड सर-मॅडम, थोडं तुमच्याशी. तुमच्याकडे एकेका वर्षी किती ग्रुप असतात, लेक्चर, अॅक्रेडिटेशनची कागदपत्रं, सगळं सांभाळून प्रोजेक्ट बघता याची मला कल्पना आहे. बर्फाचं फिजिक्स तुम्ही शिकून या असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या रिव्ह्यूला एवढं विचारा की बेसलाइन, म्हणजे तुलनेचा साधा अंदाज, कुठे आहे. दुसऱ्या रिव्ह्यूला सीएसव्हीची पहिली दोन पानं प्रिंट काढून आणायला सांगा आणि मुलांकडून एकेक कॉलम समजून घ्या, मागे एका कॉलेजात एका मॅडमनी हे केलं होतं आणि त्या ग्रुपला एक दिवसाआडची गोष्ट स्वतःची स्वतः सापडली होती, व्हायवात ती सांगताना त्या मुलींचे चेहरे बघण्यासारखे होते. आणि मार्कांचं बघा. मुलं ०.९९ वर का अडून बसतात, तर रिझल्ट्सच्या मार्कांमध्ये अॅक्युरसी विचारली जाते आणि शेजारच्या ग्रुपची ९८ टक्के असते. "आमचं मॉडेल तीन महिन्यांच्या अंदाजात पर्सिस्टन्सपेक्षा सरस ठरलं नाही, कारणं अशी अशी" असं लिहिणाऱ्या ग्रुपला मी माझ्याकडचे पूर्ण मार्क देतो. इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात आहेत, त्यात तुम्हीही द्या, आणि हे वर्षाच्या सुरुवातीलाच, टॉपिक फायनल करताना, मुलांना वर्गात सांगा.

तुमचा,
एक एक्सटर्नल